मीटरबाई आणि एकतीस वर्षांची नदी

मीटरबाईंना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं गल्लीत आता कोणी उरलेलं नाही. विजेचे मीटर बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं काढली, म्हणून त्या मीटरबाई. लांबलचक टेबलाच्या दोन्ही बाजूंना चाळीस बायका बसायच्या आणि हिरव्या बोर्डांवर बारीक बारीक भाग सोल्डर करायच्या, म्हणजे धातू वितळवून चिकटवायच्या. सुरुवातीला मीटरबाईही त्यातल्याच एक. मग सुपरवायझरच्या लक्षात आलं, की तपासणीत नापास होऊन आलेला बोर्ड ही बाई दोनदा उलटापालटा करते, नाकाजवळ नेते आणि दोष कुठे आहे ते सांगून मोकळी होते. त्या दिवसापासून त्यांना खिडकीजवळचं वेगळं टेबल मिळालं. दिवसभरात नापास झालेले सगळे बोर्ड त्या टेबलावर यायचे आणि संध्याकाळपर्यंत त्यातले बहुतेक पास होऊन परत जायचे.

पुढे कारखान्यात मशिनं आली आणि बायका घरी गेल्या. निरोपाच्या दिवशी प्रत्येकीला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. मीटरबाई म्हणाल्या, "घड्याळ आहे आमच्याकडे. मला माझं सोल्डरिंगचं आयर्न द्या." साहेबांनी हसून दिलं. ते आयर्न स्वयंपाकघराच्या खिडकीशी मांडलेल्या लाकडी टेबलावर आलं आणि गल्लीतले मिक्सर, रेडिओ, गजर न होणारी घड्याळं तिथे गोळा व्हायला लागली. त्यांचे यजमान बस चालवून निवृत्त झालेले, तोंडाचे मिश्कील. ते आल्यागेल्याला सांगायचे, "आमच्याकडे येताना काहीतरी बिघडलेलं घेऊन या. नाहीतर ही तुमच्याकडे लक्षच द्यायची नाही."

घरात तिसरं माणूस म्हणजे सून. मुलगा जहाजावर नोकरीला, सहा-सहा महिने समुद्रात. सून पाटबंधारे खात्यात नकाशे काढायची. ती हुशार, बोलायला गोड, सासूला 'आई' म्हणून लाडानं बिलगणारी. पण सासूबाईंचं ते टेबल म्हणजे वेळ घालवायचं साधन, अशीच तिची समजूत होती. मीटरबाईंनी ती कधी दुरुस्त केली नाही. आपण होऊन आपली तारीफ करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

सुनेचे वडील, म्हणजे मीटरबाईंचे व्याही, नदीची पातळी वाचायचे. त्यांची नोकरीच ती. पुलाच्या खांबावर रंगवलेल्या पट्टीसमोर रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला उभं राहायचं, पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते बघायचं आणि वहीत लिहायचं. हे त्यांनी एकतीस वर्षं केलं. मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा पाहुणे जेवायला बसलेले असताना हे सायकल काढून पुलावर जाऊन आले होते. पुढे कचेरीचं छत गळलं आणि कपाटातल्या वह्यांचा लगदा झाला. पण त्याच्या आधी मुलीनं दोन वर्षं रविवार-रविवार बसून सगळ्या वह्यांच्या पानांचे फोटो काढले होते आणि सगळे आकडे संगणकात भरले होते. ते सगळं एका मोठ्या हार्ड डिस्कवर होतं. दुसरी प्रत काढायची, काढायची म्हणताना राहून गेली होती.

आणि आता त्या आकड्यांची गरज पडली होती. नदीकाठच्या सखल जमिनीवर घरं बांधायचा मोठा बेत चालला होता. बांधणाऱ्यांनी पूररेषा नव्यानं मागितली होती, बरीच खाली, पाण्याच्या जवळ. पाणी तिथपर्यंत कधी आलंच नाही, असं त्यांचं म्हणणं. पाणी तिथपर्यंत तीनदा आलं होतं आणि तिन्ही वेळा व्याही छातीएवढ्या पाण्यात कंदील धरून आकडा लिहीत उभे होते. सुनावणीला नऊ दिवस होते.

त्या शनिवारी दुपारी सून घाईत होती. डिस्कला स्वतःचा वेगळा अडॅप्टर लागायचा आणि तिच्या लॅपटॉपचाही अडॅप्टर टेबलावरच पडला होता. दोन्ही काळे, दोन्हींची पिन सारखी. तिनं हाताला लागला तो खोचला. डिस्कला बारा व्होल्ट हवे होते, मिळाले एकोणीस. 'टक्' असा एक आवाज झाला, अडॅप्टरचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला आणि डिस्क गप्प झाली.

सुनेनं कोणाला काही सांगितलं नाही. सोमवारी रजा टाकून ती बिघडलेल्या डिस्कमधली माहिती काढून देणाऱ्या मोठ्या प्रयोगशाळेत जाऊन आली. तिथल्या माणसानं डिस्क कानाशी हलवून पाहिली आणि म्हणाला, "बोर्ड जळालाय. आतलंही गेलं असणार. ठेवून जा, दोन महिने लागतील, आणि खात्री काही देत नाही." दोन महिने तिच्याकडे नव्हतेच. डिस्क पिशवीत घालून ती घरी आली आणि पिशवी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर ठेवून तोंड धुवायला गेली.

मीटरबाई भाजी चिरत होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांनी पिशवीपाशी वाकून वास घेतला.

"काय जाळून आणलंस गं?" त्यांनी विचारलं.

सून टॉवेल हातात घेऊन दारात उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हळूहळू सगळं बाहेर आलं.

"दाखव बघू," मीटरबाई म्हणाल्या.

"नको आई. मोठ्या प्रयोगशाळेतल्या लोकांना नाही जमलं. हा काही मिक्सर नाहीये."

म्हणायचं नव्हतं तसं तिला, पण तोंडातून गेलं. मीटरबाईंनी उरलेली भाजी चिरली, फोडणीला टाकली, जेवायला वाढलं. रात्रीच्या जेवणात यजमानांनी दोन विनोद केले आणि दोन्ही वाया गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. दारात व्याही. मुलीनं फोनवर त्यांना सगळं सांगितलं होतं, मिक्सरवालं वाक्यसुद्धा, कारण तिला रात्रभर त्याचीच बोच लागली होती. व्याही आत आले, खुर्चीवर टेकले, आणि मुलीकडे हात पुढे केला. तिनं पिशवी दिली. ती त्यांनी तशीच विहीणबाईंच्या टेबलावर ठेवली.

"विहीणबाई, हे माझं सगळं आयुष्य आहे असं समजा," ते म्हणाले. "आता तुम्ही बघा."

"अप्पा..." सून म्हणाली.

"तू गप्प. मी एकतीस वर्षं पाणी मोजलं. तू बरोबर मोजतोस का, असं विचारायला एकही साहेब पुलावर आला नाही. काम करणाऱ्याला काम येतं. यांना येतं." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "येतं ना?"

मीटरबाईंना हसू आलं. "बघितल्याशिवाय नाही सांगणार," त्या म्हणाल्या. पण त्यांचे हात केव्हाचे शिवशिवत होते.

डिस्कच्या प्लास्टिकच्या डब्याचे स्क्रू साधे होते, ते निघाले. आतल्या डिस्कवरच्या बोर्डाचे मात्र चांदणीसारख्या सहा कोनांचे, आणि त्याला बसेल असा स्क्रूड्रायव्हर घरात नव्हता. कोपऱ्यावर संगणकाचं दुकान होतं. त्याच्या मालकाला सगळे माऊसवाला म्हणायचे. मीटरबाई चप्पल घालून स्वतः गेल्या. स्क्रूड्रायव्हर तर मागितलाच, वर म्हणाल्या, "मेलेल्या डिस्क असतील तर त्याही दे. चार-पाच."

"काकू, त्यांचं काय करणार?"

"मारामारी," मीटरबाई म्हणाल्या आणि पिशवी भरून परत आल्या.

खिडकीतून सकाळचं ऊन टेबलावर पडलं होतं. मीटरबाईंनी घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावलं. कारखान्यात नव्या मुलींना त्या सांगायच्या, आधी नाक, मग डोळे, मग मीटर, आणि हात सगळ्यात शेवटी. त्याच क्रमानं त्या निघाल्या. डब्याच्या बाजूचा छोटा बोर्ड तर कोळसाच झाला होता, वास सगळा त्याचाच. तो बाजूला ठेवला. त्याचं काम फक्त डिस्क संगणकाला जोडायचं, त्याच्यावाचून चालणार होतं. डिस्कच्या स्वतःच्या बोर्डाला मात्र वास जवळजवळ नव्हता. त्यांनी तो उलटा केला. तळहाताएवढा बोर्ड, आणि त्यावर वीज आत येते त्या जागेपाशीच मसुरीच्या दाण्याएवढे दोन काळे चौकोन. एकाच्या पाठीवर केसाएवढी भेग.

मीटरबाईंनी भिंग काढलं आणि खुर्चीला टेकून बसल्या. असा गप्प बसण्याचा अर्थ यजमानांना बरोबर कळायचा. त्यांनी आतल्या खोलीतून विचारलं, "सापडला वाटतं चोर?"

"चोर नाही हो. पहारेकरी आहे."

मग त्यांनी सुनेला हाक मारली. भिंग तिच्या डोळ्याला लावलं आणि टाचणीच्या टोकानं दाखवलं.

"हे बघ. विजेच्या मीटरमध्ये आम्ही असाच एक भाग लावायचो. आकारानं मोठा, पण काम हेच. याला बाकी काही येत नाही. नेहमीच्या विजेत हा नुसता बसून असतो. जास्त वीज आली की ती सगळी स्वतःच्या अंगावर घेतो आणि मरतो, म्हणजे पुढचे वाचतात. तू एकोणीस व्होल्ट घातलेस, ते यानं पुढे जाऊच दिले नसणार. हा मेला आणि मरताना त्यानं वाट अडवली, म्हणून डिस्क फिरत नाही."

"म्हणजे आतलं सगळं..."

"आतल्या चकत्यांवर अप्पांचे आकडे आहेत तसेच असणार. असणार म्हणते हं. आहेत असं नाही म्हणत अजून."

मग वीज तपासायच्या छोट्या मीटरची टोकं लावून पाहिली; विजेला वाट मोकळी असली की तो वाजायचा. भेगाळलेल्या चौकोनातून वीज सरळ जमिनीला जात होती, मीटर एकसारखा पिपाणी वाजवत राहिला. शेजारचा दुसरा चौकोन, पाच व्होल्टवाला, ठणठणीत होता. सुनेनं सोडलेला श्वास मीटरबाईंच्या मानेला लागला.

पण त्यांनी आयर्न हातात घेतलं नाही. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी चहाचा कप धरताना त्यांचा हात थरथरायचा. आयर्न धरल्यावर थरथरत नाही अशी त्यांची खात्री होती, पण खात्री तपासून घ्यायची सवय सव्वीस वर्षांची. तो दिवस आणि दुसरा दिवस त्यांनी माऊसवाल्याच्या मेलेल्या डिस्कवर काढला. तसलेच चौकोन काढायचे, परत लावायचे, मीटरनं तपासायचे. पहिल्या वेळी बोर्डाची तांब्याची रेघच उखडली. दुसऱ्या वेळी चौकोन उडून फ्रिजखाली गेला आणि यजमान पोटावर आडवे होऊन तो शोधत राहिले. "बस चालवताना बरं होतं, निदान रस्ता दिसायचा," ते फ्रिजखालून म्हणाले. सातव्या वेळी काम असं झालं, की कारखान्यातून पास झालं असतं. त्यातल्याच एका बोर्डावरचा चांगला बारा व्होल्टवाला चौकोन त्यांनी काढून बशीत ठेवला. त्या म्हणाल्या, "पहारेकऱ्याशिवाय चालते म्हणे डिस्क. पण मी नाही चालवणार."

गुरुवारी सकाळी टेबलाभोवती सगळे जमले. माऊसवाला संगणकाचा एक जुना डबा आणि पडदा घेऊन आला होता, कारण डिस्क आता त्यालाच जोडायची होती. व्याही इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मीटरबाईंनी मेलेला चौकोन काढला, जागा साफ केली, नवा बसवला. दोन मिनिटांचं काम. बोर्ड डिस्कवर चढवला, स्क्रू पिळले. संगणकाच्या डब्यातून येणारी वीज त्यांनी तीनदा मोजली. बारा, बारा, बारा. मग डिस्क जोडली आणि बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

डिस्क दगडासारखी पडून राहिली. माऊसवाल्यानं खाली बघितलं. सून खिडकीबाहेर बघायला लागली. व्याह्यांनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "असू दे. तुम्ही हात लावलात, हेच खूप झालं."

मीटरबाईंचा चेहरा लाल झाला. त्यांना राग आला होता, स्वतःचाच. इतकी माणसं बघताहेत म्हणून त्यांनी घाई केली होती आणि सोल्डर मारल्यावर पुढची वाट मीटरनं चालून बघायची राहिली होती. कारखान्यात नव्या मुलीनं हे केलं असतं तर तिला चांगलंच फैलावर घेतलं असतं.

"सगळे बाहेर व्हा," त्या म्हणाल्या. "अहो, तुम्हीसुद्धा. आणि चहा बाहेरून आणा, माझ्या पायात पायात येऊ नका."

दार लोटलं गेलं. त्यांनी बोर्ड पुन्हा काढला आणि वीज आत येते तिथपासून मीटरचं टोक एक-एक पाऊल पुढे सरकवत नेलं. पिन ठीक. पहारेकरी ठीक. त्याच्या पुढे तिळाएवढा एक भाग होता, वीज त्यातून पलीकडे जायची. नुसता पूल. मीटर तिथे गप्प झाला. भिंगातून तो अगदी शाबूत दिसत होता, पण आतून तुटला होता. पहारेकरी मरता मरता हा पूलही तोडून गेला होता, म्हणजे पलीकडचं गाव अजूनच सुरक्षित. मीटरबाईंना त्या एवढ्याशा बोर्डाचं कौतुक वाटलं. कोणीतरी विचार करून बनवला होता.

तो मेलेला भाग त्यांनी उचलून बशीत ठेवला. मग वायरमधली केसासारखी एकच तार काढली, तिळाएवढ्या जागेवर आडवी धरली आणि दोन्ही टोकांना आयर्न टेकवलं. हात हलला नाही. मग मीटर घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी वाट चालून पाहिली, एकदा आणि परत एकदा. मग दार उघडलं.

"या," त्या म्हणाल्या. "पण बोलू नका."

बटण दाबलं. एक क्षण गेला. मग डिस्कच्या आत काहीतरी सुटल्यासारखा बारीक आवाज झाला आणि ती फिरायला लागली. घूं असा एकसुरी आवाज चढत गेला आणि एका जागी स्थिर झाला. मीटरबाईंनी दोन बोटं तिच्या कडेवर ठेवली. थरथर सारखी होती, कुठे अडखळत नव्हती. त्यांनी मान हलवली, तेव्हा कुठे माऊसवाल्यानं तोंडात धरलेला श्वास सोडला.

पडद्यावर डिस्क दिसली. सुनेनं ती उघडली. वर्षांची नावं एकाखाली एक उतरत गेली, पूर्ण एकतीस.

"कुठलंही एक उघड," व्याही म्हणाले. ते खुर्चीच्या मागे उभे होते. "थांब. चौदावं वर्ष उघड. दुसऱ्या पुराचं. संध्याकाळचा आकडा. नऊ मीटर चाळीस."

सुनेनं उघडलं. नऊ मीटर चाळीस. शेजारी वहीच्या पानाचा फोटो, आणि त्यात पाण्यानं पसरलेल्या शाईत तेच अक्षर, तोच आकडा.

व्याह्यांनी मीटरबाईंना वाकून नमस्कार केला. वयानं ते चार वर्षांनी मोठे होते, त्यामुळे मीटरबाई दचकून मागे सरकल्या आणि सोल्डरचं रीळ टेबलाखाली गडगडलं. "अहो, हे काय करताय!" त्या म्हणाल्या. पण त्यांचे डोळे भरून आले होते.

सगळं उतरवून घ्यायला पाच तास लागले. मीटरबाईंनी तेवढा वेळ कोणाला टेबलापाशी फिरकू दिलं नाही. डिस्क तापायला लागली तशी त्या पुठ्ठ्यानं वारा घालत बसल्या. सुनेनं एक सोडून तीन प्रती काढल्या आणि तीन वेगवेगळ्या घरी ठेवल्या. संध्याकाळी ती टेबलाशी येऊन उभी राहिली.

"आई, त्या दिवशी मी ते मिक्सरचं बोलले..."

"मिक्सरमध्ये मोटर असते, यातही मोटर आहे," मीटरबाई म्हणाल्या. "फार चुकलं नव्हतं तुझं. जा, हात धू, जेवायला बस."

सोमवारी सुनावणी होती. लांब खोली, लांब टेबल, मागे लोकांसाठी खुर्च्या. सुनेनं नकाशा लावला, तीन पुरांचे आकडे वाचले, पानं दाखवली. बांधणाऱ्यांचा वकील उठला. त्याला कुठून तरी कुणकुण लागली होती.

"ही माहिती जळालेल्या डिस्कमधून काढलीय म्हणे. प्रयोगशाळेनं हात टेकले होते. मग ती बाहेर आली कशी? आणि आलेली जशीच्या तशी आहे, हे कशावरून?"

अध्यक्षांनी सुनेकडे पाहिलं. "डिस्क कोणी दुरुस्त केली?"

सून ताठ उभी राहिली. एरवी कचेरीत तिचा आवाज बारीक असायचा. तो त्या दिवशी मागच्या भिंतीपर्यंत गेला. "माझ्या सासूबाईंनी. मीटरच्या कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं बोर्ड दुरुस्त केलेत. त्या इथेच आहेत. त्यांनाच विचारा."

मीटरबाई शेवटच्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. यजमानांनी कोपरानं ढोसलं, "ऊठ, स्टॉप आला." त्या उठल्या.

"साहेब," त्या म्हणाल्या, "समजा, घराच्या कुलपात कोणी चुकीची किल्ली घालून ती मोडली. मी कुलूप दुरुस्त केलं. घरातलं कपाट उघडलं नाही, कपड्यांची घडीसुद्धा हलवली नाही. डिस्कच्या आत मी गेलेच नाही, जायला येतही नाही मला. बाहेर दोन भाग मेले होते, तेवढे बदलले. मेलेले दोन्ही या डबीत आहेत. कोणालाही तपासू द्या. आणि आकडे खरे का, ते माझ्यापेक्षा ह्यांना विचारा," त्यांनी व्याह्यांकडे बोट दाखवलं, "हे वही न उघडता सांगतात."

अध्यक्षांनी खरंच विचारलं. पाच तारखा त्यांनी मनाला येईल तशा काढल्या. त्यातल्या दोन साध्या दिवसांच्या होत्या, त्या व्याह्यांना आठवल्या नाहीत आणि तसं त्यांनी सरळ सांगितलं. तीन पुराच्या दिवसांच्या होत्या. तिन्हींचा आकडा पानावरच्या आकड्याशी सेंटिमीटरला सेंटिमीटर जुळला. वकिलानं कागद आवरायला घेतले.

तीन आठवड्यांनी निकाल आला. पूररेषा होती तिथेच राहिली.

मीटरबाईंच्या टेबलावर आता मिक्सरच्या जोडीला डिस्कही यायला लागल्या. एका दुपारी शहराच्या दुसऱ्या टोकाहून एक बाई आल्या, डिस्क फडक्यात गुंडाळलेली, चेहरा उतरलेला. दार सुनेनं उघडलं. तिनं त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाली, "आमच्या आई बघतील. एवढ्या भागात त्यांच्या तोडीचं कोणी नाही. पण आधीच सांगते, होणार नसेल तर त्या तोंडावर नाही म्हणतील."

आत मीटरबाईंनी ते ऐकलं आणि आपल्याला ऐकू आलं नाही असं दाखवत भिंग पुसायला घेतलं. मग त्यांनी ती डिस्क हातात घेतली, वीज दिली, कान लावला. आतून खरखर येत होती, काटा चकतीवर घासल्यासारखी. त्यांनी लगेच वीज बंद केली.

"ताई, हे माझ्या हातातलं नाही. दोष आत आहे. परत कोणालाही चालू करू देऊ नका, जितकी फिरेल तितकं पुसलं जाईल. मोठ्या प्रयोगशाळेचा पत्ता देते, तिथे बंद खोलीत उघडतात." त्यांनी पत्ता लिहिला, खाली काय ऐकू आलं ते दोन ओळींत लिहिलं, आणि सही केली. नुसतं 'मीटरबाई'.

चार दिवसांनी प्रयोगशाळेतून त्या माणसाचा फोन आला. दोष त्यांनी लिहिला होता तोच निघाला होता. आणखी दोन बोर्ड होते त्याच्याकडे, जास्त व्होल्टेज लागून गेलेले, त्याला उमगत नव्हते. पाठवू का, असं तो विचारत होता. फोन सुनेनं घेतला होता. तिनं हातानं तो झाकला आणि स्वयंपाकघराकडे बघून विचारलं, "आई, ते विचारतायत, त्यांना वेळ कधी देऊ?"